श्वानदंश : पाळीव कुत्र्याच्या मालकाचे दायित्व आणि जखमी व्यक्तीचे कायदेशीर हक्क

सारांश

पाळीव कुत्र्याने चावा घेतल्यास जखमी व्यक्तीला फौजदारी आणि दिवाणी असे दोन मार्ग उपलब्ध असतात. पहिल्या मार्गाने मालकाला शिक्षा होऊ शकते, तर दुसऱ्या मार्गाने जखमी व्यक्तीला भरपाई मिळू शकते. भारतात मालकाचे दायित्व निव्वळ मालकीवर उभे नसून त्याच्या निष्काळजीपणावर अथवा कुत्र्याच्या स्वभावाविषयी त्याला असलेल्या पूर्वज्ञानावर उभे आहे. परिणामी पुराव्याचा भार जखमी व्यक्तीवर पडतो. प्रस्तुत लेखात या दायित्वाचे स्वरूप, मालकाला उपलब्ध असलेले बचाव, भटक्या कुत्र्यांच्या बाबतीत शासनाची जबाबदारी आणि पुराव्याचे व मुदतीचे प्रश्न यांचा परामर्श घेतला असून, पाळीव कुत्र्याच्या दंशाबाबत निष्काळजीपणा सिद्ध करण्याची अट नसलेले वैधानिक दायित्व का आवश्यक आहे याची मांडणी केली आहे.

प्रस्तावना

केंद्र शासनाने संसदेत दिलेल्या माहितीनुसार २०२४ या एका वर्षात देशात श्वानदंशाच्या ३७ लाखांहून अधिक घटना नोंदल्या गेल्या. या आकड्यात भटक्या आणि पाळीव अशा दोन्ही कुत्र्यांच्या दंशांचा समावेश होतो. सार्वजनिक चर्चा मात्र जवळजवळ संपूर्णपणे भटक्या कुत्र्यांभोवती फिरते. गृहनिर्माण संस्थेच्या जिन्यात, लिफ्टमध्ये, बंगल्याच्या फाटकाशी किंवा सकाळी फिरायला गेले असता पाळीव कुत्रा चावला, तर प्रकरण बहुधा शेजारधर्माच्या नावाखाली मिटवले जाते. इंजेक्शनचा खर्च मालकाने दिला म्हणजे प्रश्न संपला अशी समजूत असते. पोलीस ठाण्यात गेलेच तर एन.सी. नोंदवून परत पाठवल्याचा अनुभव अनेकांना येतो.

वस्तुतः अशा प्रसंगी कायद्याने मालकावर निश्चित कर्तव्ये घातलेली आहेत आणि जखमी व्यक्तीला निश्चित हक्क दिलेले आहेत. परंतु ते एका अधिनियमात एकत्र सापडत नाहीत. दंडसंहिता, इंग्रजी परंपरेतून आलेला अपकृत्यांचा कायदा, महानगरपालिकांचे अधिनियम, प्राण्यांविषयीचे केंद्रीय नियम आणि मुदतीचा कायदा अशा अनेक ठिकाणी ते विखुरलेले आहेत. या विखुरलेल्या तरतुदी एका सूत्रात मांडणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

दायित्वाच्या कल्पनेचा पूर्वेतिहास

प्राण्याने केलेल्या इजेची जबाबदारी त्याच्या स्वामीवर टाकण्याची कल्पना आपल्याकडे नवी नाही. याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायात याविषयी स्पष्ट विधान आहे. दाढांनी किंवा शिंगांनी मारणाऱ्या प्राण्याच्या तावडीत सापडलेल्या माणसाला, सामर्थ्य असूनही, जो स्वामी सोडवत नाही त्याला प्रथम साहस दंड द्यावा, आणि मदतीसाठी आक्रोश केल्यावरही न सोडवल्यास तो दुप्पट करावा, असे तेथे सांगितले आहे. यातील दोन गोष्टी लक्षात घेण्याजोग्या आहेत. पहिली अशी की, येथे दोष मालकीचा नसून सामर्थ्य असूनही न आवरण्याचा आहे. दुसरी अशी की, हा दंड राजाकडे जातो, जखमी माणसाच्या हाती पडत नाही. आजच्या फौजदारी तरतुदीचे स्वरूपही थोड्याफार फरकाने असेच आहे, हे पुढील विवेचनावरून दिसून येईल.

इंग्रजी सामान्य विधीने प्राण्यांचे दोन वर्ग कल्पिले. वाघ, सिंह, अस्वल यांसारखे स्वभावतः हिंस्र प्राणी पाळणारा मनुष्य त्यांनी केलेल्या इजेला कोणत्याही सबबीशिवाय जबाबदार धरला जाई. कुत्रा, गाय, घोडा यांसारख्या माणसाळलेल्या प्राण्यांच्या बाबतीत मात्र त्या विशिष्ट प्राण्याची इजा करण्याची प्रवृत्ती मालकाला आधीपासून ठाऊक होती, हे वादीने सिद्ध करावे लागे. यालाच ‘पूर्वज्ञानाचा सिद्धान्त’ म्हणता येईल. प्रत्येक कुत्र्याला पहिला चावा माफ असतो, अशी लोकोक्ती यातूनच रूढ झाली. ती काटेकोर नाही. कुत्रा आधी चावलेला असलाच पाहिजे असे नाही. तो अंगावर धावून जात असे, एवढे ज्ञानही पुरेसे ठरू शकते. तथापि सिद्धान्ताचा कल त्या लोकोक्तीत नेमका उतरला आहे.

पूर्वज्ञान सिद्ध झाले नाही तरी निष्काळजीपणाच्या तत्त्वावर मालकाला जबाबदार धरता येते. इंग्लंडमधील १९३२ च्या फार्डन विरुद्ध हार्कोर्ट-रिव्हिंग्टन या खटल्यात उभ्या मोटारीत ठेवलेल्या कुत्र्याने उड्या मारून काच फोडली आणि तिचा तुकडा वाटसरूच्या डोळ्यात गेला. अशी घटना वाजवी माणसाला अपेक्षित नसते, म्हणून मालक जबाबदार ठरला नाही. याउलट १९७२ च्या ड्रेपर विरुद्ध हॉडर या खटल्यात मोकळ्या सोडलेल्या टेरियर कुत्र्यांच्या कळपाने लहान मुलावर हल्ला केला होता. कळपाने हिंडणारी अशी कुत्री धोकादायक होऊ शकतात, हे त्यांची पैदास करणाऱ्याने ओळखायला हवे होते, असे ठरवून न्यायालयाने त्याला जबाबदार धरले. म्हणजे ‘हा कुत्रा याआधी कधी चावला नव्हता’ हे उत्तर प्रत्येक वेळी पुरेसे होत नाही. त्या परिस्थितीत धोका दिसण्याजोगा होता का, हा प्रश्न शिल्लक राहतोच.

फौजदारी दायित्व

भारतीय दंड संहिता, १८६० मधील कलम २८९ ची जागा १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता, २०२३ मधील कलम २९१ ने घेतली आहे. त्या तारखेपूर्वीच्या घटनांना जुनेच कलम लागू होते. आपल्या ताब्यातील प्राण्यापासून मानवी जीविताला अथवा गंभीर दुखापतीचा संभाव्य धोका टाळण्यासाठी पुरेशी व्यवस्था करण्यास जो जाणूनबुजून किंवा निष्काळजीपणाने चुकतो, तो या कलमाखाली शिक्षेस पात्र होतो. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कारावास, अथवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही अशी आहे. जुन्या कलमात दंडाची मर्यादा १,००० रुपये होती.

या कलमातील शब्दयोजना बारकाईने पाहण्यासारखी आहे. प्रथम, कलमात ‘मालकी’ हा शब्द नसून ‘ताबा’ हा शब्द आहे. मालक परगावी असताना कुत्र्याला फिरवणारा नोकर किंवा चार दिवस सांभाळणारा नातेवाईक हाही कलमाच्या कक्षेत येऊ शकतो. दुसरे, गुन्हा चावण्याचा नसून खबरदारी न घेण्याचा आहे. तत्त्वतः इजा झालीच पाहिजे अशी अट नाही. तिसरे, धोका जीविताचा अथवा ‘गंभीर’ दुखापतीचा असावा लागतो. कोणती दुखापत गंभीर, हे न्याय संहितेच्या कलम ११६ मध्ये सांगितले आहे. चेहऱ्याची कायमची विद्रूपता, हाड मोडणे, किंवा पंधरा दिवस तीव्र शारीरिक वेदना होणे अथवा नित्याचे व्यवहार करता न येणे या बाबी त्यात समाविष्ट आहेत. जुन्या संहितेत हा कालावधी वीस दिवसांचा होता. बचावपक्ष नेमका याच तिसऱ्या घटकावर बोट ठेवतो : कुत्रा लहान होता, ओरखडा किरकोळ होता, गंभीर दुखापतीचा संभव नव्हता. अशा वेळी कुत्र्याचा आकार, त्याचे पूर्वीचे वर्तन आणि जखमेचे वैद्यकीय वर्णन यांना महत्त्व येते.

प्रत्यक्ष इजा झाल्यास न्याय संहितेचे कलम १२५ ही जोडीला येऊ शकते. अविचाराने अथवा निष्काळजीपणाने दुसऱ्याची सुरक्षितता धोक्यात आणून दुखापत केल्यास सहा महिन्यांपर्यंत, आणि गंभीर दुखापत केल्यास तीन वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद त्यात आहे. दुर्दैवाने मृत्यू ओढवल्यास निष्काळजीपणाने मृत्यू घडवण्याविषयीचे कलम १०६ विचारात घ्यावे लागते. कलम २९१ खालील गुन्हा दखलपात्र व जामीनपात्र आहे. दखलपात्र असल्यामुळे त्याची नोंद अदखलपात्र म्हणून करणे सुसंगत ठरत नाही. पोलीस ठाण्याने प्रथम खबर नोंदवून घेण्यास नकार दिल्यास भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे पोलीस अधीक्षकांकडे लेखी तक्रार करता येते आणि तेथेही दाद न मिळाल्यास न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येते.

मुंबईतील दोन प्रकरणे या कलमाचे व्यवहारातील रूप दाखवतात. पहिले प्रकरण २०१० मधील घटनेचे आहे. वाद चालू असताना मोटारीतील रॉटवायलर जातीचा कुत्रा भुंकत होता. दार उघडू नये अशी विनंती समोरच्या वृद्ध गृहस्थांनी केली असतानाही मालकाने ते उघडले आणि कुत्र्याने त्यांना चावे घेतले. गिरगाव येथील न्यायदंडाधिकाऱ्यांनी २०२३ मध्ये मालकाला तीन महिन्यांचा कारावास सुनावला. दुसरे प्रकरण वरळीतील एका इमारतीच्या लिफ्टमध्ये २०१८ साली घडलेल्या दंशाचे असून त्यात २०२५ मध्ये मालकाला चार महिन्यांची शिक्षा झाली. दोन्ही प्रकरणांत निर्णायक ठरली ती मालकाची त्या क्षणीची वर्तणूक. समोरच्या माणसाने सावध करूनही त्याने खबरदारी घेतली नाही. दोन्ही प्रकरणांतील कालावधीही बोलका आहे. एका ठिकाणी निकालाला सुमारे बारा वर्षे लागली, दुसऱ्या ठिकाणी सात.

दंडाची रक्कम शासनाकडे जमा होते. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९५ प्रमाणे न्यायालय त्या दंडातून जखमी व्यक्तीला भरपाई देववू शकते; तसेच दंडाची शिक्षा नसेल तेव्हा आरोपीने स्वतंत्र भरपाई द्यावी असा आदेशही देऊ शकते. जखमी व्यक्तीच्या वकिलाने या अधिकाराकडे न्यायालयाचे लक्ष वेधणे हिताचे ठरते. तथापि मूळ दंडच ५,००० रुपयांपुरता मर्यादित असल्याने दंडातून मिळणारी भरपाई ही उपचारांच्या खर्चाच्याही जवळ जाणारी नसते. म्हणून दिवाणी मार्गाचा विचार अपरिहार्य होतो.

दिवाणी दायित्व आणि भरपाईचे मोजमाप

पाळीव कुत्र्याच्या दंशाबद्दल भरपाई देणारा स्वतंत्र केंद्रीय अधिनियम भारतात नाही. अपकृत्यांचा कायदा येथे संहिताबद्ध झालेला नाही. न्याय, समता व सद्सद्विवेकबुद्धी या सूत्राच्या आधारे भारतीय न्यायालयांनी इंग्रजी तत्त्वे परिस्थितीनुरूप स्वीकारली. त्यामुळे दिवाणी न्यायालयात वादीला दोहोंपैकी एक गोष्ट सिद्ध करावी लागते : कुत्र्याची आक्रमक प्रवृत्ती मालकाला ठाऊक होती, किंवा त्याने वाजवी काळजी घेतली नाही.

वाजवी काळजी म्हणजे काय हे ठरवताना वैधानिक कर्तव्ये उपयोगी पडतात. प्राण्यांविषयी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम, १९६० खाली प्राणी जनन नियंत्रण नियम प्रथम २००१ मध्ये झाले व त्यांची जागा २०२३ च्या नियमांनी घेतली. पाळीव प्राणी आणि रस्त्यावरील प्राणी असा भेद हे नियम करतात. मुंबई, पुणे यांसारख्या महानगरपालिका कुत्रा पाळण्यासाठी परवाना आवश्यक मानतात आणि त्यासाठी रेबीज प्रतिबंधक लसीकरणाचा दाखला मागतात. परवाना नसणे, लस दिलेली नसणे, सार्वजनिक जागी पट्टा न लावणे, पट्टा ज्याच्या हाती दिला तो लहान मुलगा असणे, या गोष्टी आपोआप दायित्व निर्माण करत नाहीत. परंतु निष्काळजीपणाचा पुरावा म्हणून त्यांचे वजन मोठे असते.

भरपाईची रक्कम ठरवण्यासाठी मोटार अपघात प्रकरणांतील तत्त्वे मार्गदर्शक ठरू शकतात. सर्वोच्च न्यायालयाने राजकुमार विरुद्ध अजयकुमार (२०११) या निर्णयात शारीरिक इजेच्या भरपाईची शीर्षके सांगितली आहेत : उपचार, औषधे, प्रवास व आहार यांचा खर्च, बुडालेले उत्पन्न, भविष्यातील उत्पन्नाची हानी, पुढील उपचारांचा खर्च, वेदना व मानसिक आघात, आणि जीवनातील सुखोपभोगांची हानी. श्वानदंशात विशेषतः चेहऱ्यावरील व्रण, त्यावरील शस्त्रक्रिया आणि मुलांच्या मनात बसलेली भीती या बाबी दाव्यात स्पष्टपणे मांडाव्या लागतात. मागितले नाही ते न्यायालय सहसा देत नाही.

येथे एक विसंगती स्पष्टपणे पुढे येते. मोटारीने धडक दिल्यास जखमी व्यक्तीसाठी स्वतंत्र न्यायाधिकरण आहे, वाहनाचा विमा सक्तीचा आहे आणि मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १६४ खाली चालकाचा दोष सिद्ध न करताही मृत्यूबद्दल ५ लाख व गंभीर दुखापतीबद्दल अडीच लाख रुपये मिळू शकतात. त्याच रस्त्यावर, त्याच माणसाला पाळीव कुत्र्याने फाडले तर न्यायाधिकरण नाही, सक्तीचा विमा नाही आणि दोष सिद्ध केल्याशिवाय एक रुपयाही नाही. कुत्र्यांसाठीच्या काही विमा योजनांत त्रयस्थाला झालेल्या इजेचे संरक्षण मिळते. पण तो विमा घेणे पूर्णपणे मालकाच्या इच्छेवर आहे.

मालकाचे बचाव

मालकाला उपलब्ध असलेले बचाव प्रामुख्याने तीन आहेत. पहिला, जखमी व्यक्तीने कुत्र्याला डिवचले. दुसरा, जखमी व्यक्ती विनापरवानगी आवारात शिरली. तिसरा, जखमी व्यक्तीचाही निष्काळजीपणा होता. हा सिद्ध झाल्यास भरपाई त्या प्रमाणात कमी होऊ शकते. लहान मुलांच्या बाबतीत तिसरा बचाव सहसा टिकत नाही, कारण प्रौढाइतक्या सावधगिरीची अपेक्षा मुलाकडून करता येत नाही.

‘कुत्र्यापासून सावध रहा’ ही फाटकावरील पाटी मालकाला संपूर्ण संरक्षण देते, असा सार्वत्रिक समज आहे. ती पाटी दुधारी आहे. आगंतुकाला इशारा दिल्याचा पुरावा म्हणून ती मालकाच्या उपयोगी पडते, हे खरे. इंग्लंडमधील कमिंग्ज विरुद्ध ग्रेंजर या खटल्यात कुंपण घातलेल्या भंगार-आवारात पाटी लावलेली असतानाही रात्री आत शिरलेल्या व्यक्तीचा दावा अखेर फेटाळला गेला. परंतु टपाल, गॅस, वीज यांसाठी कामानिमित्त येणारा मनुष्य आगंतुक नसतो. त्याला फाटकातून आत यावेच लागते. त्याच्या बाबतीत तीच पाटी, मालकाला कुत्र्याच्या स्वभावाची पूर्ण कल्पना होती, याचा पुरावा ठरू शकते. पाटी लावून जबाबदारी संपत नाही. कामासाठी येणाऱ्यांच्या वेळी कुत्रा बांधून ठेवणे हे तिच्या पुढचे कर्तव्य आहे.

भटकी कुत्री, शासन आणि शैक्षणिक आवार

भटक्या कुत्र्याला मालक नसतो. त्यामुळे दायित्वाचा प्रश्न स्थानिक स्वराज्य संस्था व शासन यांच्याकडे वळतो. पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने १८ ऑक्टोबर २०२३ रोजी १९३ याचिकांवर दिलेल्या निर्णयात मोकाट प्राण्यांमुळे होणाऱ्या इजेबद्दल भरपाई देण्याची प्राथमिक जबाबदारी राज्यावर ठेवली. श्वानदंशासाठी प्रत्येक दाताच्या खुणेमागे किमान १०,००० रुपये, आणि मांस निघाले असल्यास जखमेच्या प्रत्येक ०.२ सेंटिमीटरमागे किमान २०,००० रुपये असे परिमाण न्यायालयाने ठरवून दिले. दाव्यांचा निर्णय चार महिन्यांत करण्यासाठी जिल्हास्तरीय समित्या नेमण्यास सांगितले आणि कसूर करणाऱ्या यंत्रणेकडून अथवा व्यक्तीकडून ही रक्कम वसूल करण्याची मुभा राज्याला दिली. केरळमध्ये सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये नेमलेल्या न्यायमूर्ती सिरी जगन समितीने याच स्वरूपाचे काम केले. ही दोन्ही उदाहरणे महाराष्ट्रातील न्यायालयांवर बंधनकारक नसली तरी युक्तिवादासाठी त्यांचे मोल आहे.

महाविद्यालयीन अध्यापकांच्या दृष्टीने सर्वोच्च न्यायालयाचे २०२५ मधील आदेश विशेष महत्त्वाचे आहेत. ११ ऑगस्ट २०२५ रोजी दिल्ली परिसरातील भटकी कुत्री निवाऱ्यांत हलवण्याचा आदेश झाला. २२ ऑगस्ट रोजी त्यात बदल करून, रेबीजग्रस्त व आक्रमक कुत्री वगळता इतर कुत्री निर्बीजीकरण व लसीकरणानंतर मूळ जागी सोडण्यास अनुमती मिळाली. ७ नोव्हेंबर २०२५ रोजी मात्र शैक्षणिक संस्था, रुग्णालये, क्रीडासंकुले, बसस्थानके व रेल्वेस्थानके यांच्या आवारांसाठी वेगळा आदेश झाला. त्यानुसार अशा आवारांना कुंपण किंवा भिंत घालावी, देखभालीसाठी जबाबदार अधिकारी नेमावा, स्थानिक संस्थेने ठरावीक काळाने तपासणी करावी आणि तेथून हलवलेली कुत्री पुन्हा त्याच जागी सोडू नयेत, असे निर्देश देण्यात आले. संस्थेच्या आवारात विद्यार्थ्याला दंश झाल्यास ‘कुत्रा आमचा नव्हता’ एवढे उत्तर या आदेशानंतर पुरेसे होणे कठीण आहे.

आवारातील पाळीव कुत्र्याचा प्रश्न याहून वेगळा आहे. समजा, वसतिगृहाच्या पहारेकऱ्याने रखवालीला कुत्रा ठेवला असून तो विद्यार्थ्याला चावला. कुत्रा संस्थेच्या संमतीने व संस्थेच्याच कामासाठी ठेवलेला असेल, तर नोकराच्या कामकाजातील निष्काळजीपणाबद्दल मालकाला जबाबदार धरण्याच्या तत्त्वानुसार संस्थेवर दायित्व येऊ शकते. संस्थेने लेखी मनाई केली असेल आणि ती अमलात आणली असेल, तर परिस्थिती बदलते. मनाईचे परिपत्रक काढून डोळेझाक करणे हा मात्र बचाव नव्हे.

पुरावा आणि मुदत

दंशानंतरची पहिली कृती वैद्यकीय आहे, कायदेशीर नव्हे. जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुणे आणि विनाविलंब रुग्णालय गाठणे हा रेबीजविरुद्धचा पहिला बचाव आहे. लक्षणे दिसू लागल्यावर हा रोग जवळजवळ निश्चितपणे प्राणघातक ठरतो. त्वचा भेदून रक्त आले असल्यास लसीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिन देणे आवश्यक असते आणि लसीच्या सर्व मात्रा ठरलेल्या दिवशी पूर्ण कराव्या लागतात. कुत्रा लसीकरण झालेला असल्याचे मालकाने सांगितले, म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय उपचार थांबवू नयेत.

हीच वैद्यकीय कागदपत्रे पुढे दाव्याचा कणा बनतात. रुग्णालयातील नोंदीत केवळ ‘श्वानदंश’ असे न लिहिता कुत्रा पाळीव होता की भटका, घटना कोठे व केव्हा घडली आणि जखमेचे स्थान व आकार काय, हे लिहवून घ्यावे. दातांच्या खुणांची मोजपट्टीसह घेतलेली छायाचित्रे, फाटलेले कपडे, साक्षीदारांची नावे, औषधांची बिले आणि रजेचा दाखला जपून ठेवावा. कॅमेऱ्याचे चित्रण काही दिवसांत पुसले जाते. म्हणून ते जतन करण्याची लेखी विनंती गृहनिर्माण संस्थेला लगेच करावी. असे चित्रण न्यायालयात दाखल करताना भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खालील प्रमाणपत्र लागते. त्याच कुत्र्याविषयी संस्थेकडे पूर्वी आलेल्या लेखी तक्रारी असल्यास त्यांच्या प्रती मिळवाव्यात. पूर्वज्ञान सिद्ध करण्यासाठी त्यांच्यासारखा पुरावा नाही. या दृष्टीने पाहता, कुत्रा केवळ अंगावर धावून आला तेव्हा केलेली लेखी तक्रारही वाया जात नाही. ती पुढे जखमी होणाऱ्या कोणाच्या तरी कामी येते.

खासगी मालकाविरुद्ध भरपाईचा दावा मुदत अधिनियम, १९६३ नुसार सर्वसाधारणपणे तीन वर्षांत दाखल करावा लागतो. जखमी व्यक्ती अज्ञान असल्यास सज्ञान झाल्यानंतर तीन वर्षांपर्यंत दावा करता येतो, ही गोष्ट पालकांना क्वचितच ठाऊक असते. दंशामुळे मृत्यू झाल्यास घातक अपघात अधिनियम, १८५५ खाली वारसांचा दावा मृत्यूच्या दिनांकापासून दोन वर्षांत करावा लागतो. महानगरपालिकेविरुद्ध दाव्याची मुदत याहून फार तोकडी आहे. मुंबई महानगरपालिका अधिनियमाचे कलम ५२७ आणि महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाचे कलम ४८७ यांनुसार एक महिन्याची लेखी नोटीस देऊन सहा महिन्यांच्या आत दावा दाखल करावा लागतो. उपचार संपेपर्यंत थांबलेल्या माणसाचा हक्क या तरतुदींमुळे नकळत संपू शकतो.

अन्य देशांतील व्यवस्था

पूर्वज्ञानाचा सिद्धान्त जेथे जन्मला त्या परंपरेतही तो सर्वत्र टिकलेला नाही. इंग्लंडमध्ये मेंढ्या व गुरे यांना कुत्र्याने केलेल्या इजेबाबत १८६५ च्या श्वान अधिनियमानेच तो बाजूला सारला. म्हणजे मेंढीला जे संरक्षण मिळाले ते माणसाला मिळाले नव्हते. पुढे १९७१ च्या प्राणी अधिनियमाने सामान्य विधीची जागा वैधानिक नियमांनी घेतली. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याच्या दिवाणी संहितेतील कलम ३३४२ प्रमाणे, सार्वजनिक जागी अथवा खासगी जागेत कायदेशीररीत्या असलेल्या व्यक्तीला कुत्रा चावल्यास, पूर्वज्ञान असो वा नसो, मालक जबाबदार असतो. जर्मन दिवाणी संहितेचे कलम ८३३ हौसेखातर पाळलेल्या प्राण्यांच्या बाबतीत दोषाचा विचारच करत नाही. उपजीविकेसाठी पाळलेल्या प्राण्यांच्या मालकाला मात्र आपण योग्य काळजी घेतली हे सिद्ध करून सुटता येते.

जर्मन कायद्यातील हा भेद आपल्या परिस्थितीत विशेष विचारार्ह आहे. धनगराचा राखणीचा कुत्रा आणि सदनिकेत हौसेने पाळलेला विदेशी जातीचा कुत्रा यांना एकाच मापाने मोजणे न्याय्य होणार नाही. ज्याचा चरितार्थ कुत्र्याच्या राखणीवर अवलंबून आहे त्याला काळजी घेतल्याचे सिद्ध करण्याची संधी असावी. ज्याने तो स्वतःच्या आनंदासाठी पाळला त्याने त्या आनंदाची जोखीम स्वतः उचलावी, ही विभागणी समतेच्या तत्त्वाला धरून आहे.

समारोप

वरील विवेचनावरून असे दिसते की, भारतीय कायदा कुत्र्याच्या मालकाला शिक्षा करण्याचे साधन देतो. परंतु जखमी व्यक्तीला भरपाई मिळवून देण्याची सुलभ व्यवस्था करत नाही. दंड राजाकडे जातो आणि जखम माणसाकडे राहते, ही याज्ञवल्क्याच्या काळापासून चालत आलेली स्थिती मूलतः बदललेली नाही. भटक्या कुत्र्याच्या दंशाबाबत काही राज्यांत समिती आणि परिमाण आहे. पाळीव कुत्र्याच्या दंशाबाबत, जेथे जबाबदार माणूस नावानिशी समोर उभा असतो तेथे, जखमी व्यक्तीला वर्षानुवर्षे दिवाणी न्यायालयात जावे लागते.

या स्थितीत तीन सुधारणा विचारात घेण्याजोग्या आहेत. हौसेने पाळलेल्या कुत्र्याच्या दंशाबद्दल मालकावर दोष सिद्ध करण्याची अट नसलेले दायित्व अधिनियमाद्वारे घालावे आणि डिवचणे व बेकायदेशीर प्रवेश हे दोनच अपवाद ठेवावेत. महानगरपालिकांच्या परवान्याला त्रयस्थ विम्याची जोड द्यावी, म्हणजे भरपाई मालकाच्या ऐपतीवर अवलंबून राहणार नाही. आणि ठरावीक रकमेपर्यंतचे दावे अल्प मुदतीत निकाली काढण्यासाठी जिल्हा पातळीवर समिती असावी.

असा कायदा कुत्रा पाळण्याच्या आड येणार नाही. उलट, पट्टा, लस, परवाना आणि विमा या चार गोष्टी सांभाळणाऱ्या मालकाला शेजाऱ्याच्या नजरेला नजर देणे अधिक सोपे होईल. तोपर्यंत जखमी व्यक्तीच्या हाती उरते ते पहिल्या दिवशीचे कागद : रुग्णालयाची नोंद, छायाचित्र आणि लेखी तक्रार. श्वानदंशाच्या दाव्याचा निकाल पुष्कळदा न्यायालयात नव्हे, तर या कागदांवर पहिल्या चोवीस तासांतच ठरलेला असतो.